जखमा आणि मैदान

युद्धाने मोडलेला माणूस खेळाने सावरतो काय? प्रश्न प्रथमदर्शनी थिल्लर वाटण्याचा संभव आहे. ज्याने आपला हात, आपले घर, आपली माणसे गमावली, त्याच्यापुढे चेंडू टाकणे ही आम्हांला एके काळी क्रूर थट्टाच वाटली असती. सिएरा लिऑनच्या अनुभवाने हे मत आम्हांला बदलावे लागले. सर्वस्वी मात्र नव्हे.

पश्चिम आफ्रिकेतील या छोट्या देशात १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी चालली. बंडखोरांनी दहशत बसवण्यासाठी निरपराध गावकऱ्यांचे हातपाय तोडले. जानेवारी १९९९ मध्ये राजधानी फ्रीटाऊनवरही तोच प्रसंग ओढवला. पुढे त्याच शहरात अशा अपंगांनी कुबड्यांच्या आधाराने फुटबॉल खेळण्यास आरंभ केला व आपली संघटना उभारली.

या खेळाचे नियम मननीय आहेत. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. धावणारे सर्व एका पायाचे, गोलरक्षक एका हाताचा. कृत्रिम पाय असल्यास तो काढून ठेवावा लागतो. कुबडीने मुद्दाम चेंडू अडवणे हा दोष ठरतो. ज्या तुटलेल्या अंगाकडे पाहताना लोक रस्त्यात नजर वळवतात, तेच येथे प्रवेशाची अट होते. आणि कीव करण्यासाठी आलेला प्रेक्षक थोड्याच वेळात हुकलेल्या फटक्याबद्दल चिडून ओरडू लागतो! एखाद्याच्या चुकीवर रागावणे म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा मानणे होय. सांत्वनाच्या शंभर शब्दांत जे नसते, ते या रागात असते.

परंतु खेळ म्हणजे औषध, असा सरसकट निष्कर्ष काढण्याची घाई आपण करू नये. उत्तर युगांडातील गुलू येथे, दीर्घ संघर्षाची झळ बसलेल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांमुलींसाठी फुटबॉलच्या स्पर्धा भरवण्यात आल्या. त्यांच्या परिणामांची शास्त्रीय तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. खेळलेल्या मुलग्यांची खिन्नता व चिंता, न खेळलेल्यांच्या तुलनेत, अधिकच आढळली. हारजितीचा ताण दुखावलेल्या मनाला पेलतोच असे नाही. तेव्हा चेंडू देणाऱ्याने खेळापाशी थांबले पाहिजे, मुलाचे ऐकले पाहिजे, आणि कोणी बाजूला बसून राहिला तर त्याला बसू दिले पाहिजे.

याहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. शेजारच्या लायबेरियातील यादवी २००३ मध्ये संपली. तेथील कुबड्यांवरच्या संघांत एके काळी शस्त्र उचललेले आणि शस्त्राला बळी पडलेले एकत्र खेळले. हे दृश्य पाहून आपले डोळे पाणावतात, आणि तेथेच आपली फसगत होण्याचा धोका असतो. समेट झाला, आता जुने विसरावे, असे म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला कोणी दिला? सिएरा लिऑनमध्ये १९९९ च्या लोमे कराराने लढवय्यांना माफी मिळाली. माफी शासनाने दिली. हात मात्र गावकऱ्यांचे गेले होते. म्हणूनच पुढे सत्यशोधन आयोग नेमावा लागला, विशेष न्यायालय स्थापावे लागले, आणि २०१२ मध्ये लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना पन्नास वर्षांची शिक्षा झाली. मैदान हे न्यायासनाची जागा घेऊ शकत नाही.

मग मैदानाचे काम कोणते? न्याय झाल्यावरही तुटलेला हात परत येत नाही, आणि उरलेले आयुष्य तर जगायचेच असते. अन्यायाने ज्याला केवळ 'बळी' एवढीच ओळख ठेवली, त्याला खेळ दुसरी ओळख देतो. तो आता बचावपटू असतो, कर्णधार असतो, परवाचा सामना हरलेला आणि उद्याची वाट पाहणारा असतो. जखम जागच्या जागीच राहते; पण सारा माणूस जखमेत मावेनासा होतो.

दुःखिताला आपण काय देतो, हे आपण स्वतःला विचारून पाहावे. कीव देणे सोपे असते. आपल्या डावात त्याला जागा देणे आणि त्याच्याकडून हरण्याची तयारी ठेवणे, हे खरे कठीण.