तासावे कोणाला?

दोन वेगळ्या ठिकाणी घडलेल्या वस्तू एकत्र जोडायच्या झाल्या, तर कोणी किती झिजावे? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न या शब्दांत क्वचितच भेटतो. सुताराच्या ओट्यावर मात्र तो रोज येऊन पडतो. त्याचे एक उदाहरण आम्ही घेत आहोत. गायनवृंदात किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजविणारा मुलगा ज्यांच्या घरी आहे, त्यांस ते परके वाटणार नाही. बेस गिटारची दांडी, ज्यास वाजविणारे 'नेक' म्हणतात, ती पीळ पडून निकामी झाली आहे आणि तिच्या जागी दुसऱ्याच गिटारची दांडी बसवायची आहे.

हे शक्य झाले ते लिओ फेंडर यांच्यामुळे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे हे गृहस्थ. स्वतः गिटार वाजवीत नसत. १९५१ साली त्यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याची दांडी सरसाने चिकटविलेली नव्हती. धडातील खोबणीत बसवून ती मागून चार स्क्रूंनी आवळलेली होती. जे बिघडेल ते बदलता यावे, ही दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी. पुढे अनेकांनी या वाद्याच्या नकला केल्या, पण मापे तंतोतंत पाळली नाहीत. म्हणून एकाची दांडी दुसऱ्याच्या खोबणीत सैल पडते, नाही तर शिरतच नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थीसियसच्या जहाजाचे कोडे आमच्यापुढे आले होते. जुन्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिले काय? प्लूटार्कने नोंदविलेले हे कोडे पिढ्यान्‌पिढ्या चघळले गेले आहे. परंतु त्यातील नवी फळी जहाजाच्या मापानेच कापलेली असते. तिला स्वतःचा भूतकाळ नाही. आमच्या उदाहरणातील दांडी दुसऱ्या धडावर राहून आलेली आहे. तिची स्वतःची भोके आहेत, स्वतःची रुंदी आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतःचे सुराचे माप आहे. 'वाद्य तेच राहिले काय?' हा प्रश्न येथे आम्हांस गौण वाटतो. खरा प्रश्न, रंधा कोणावर चालवावा?

जाणता कारागीर प्रथम रंधा घेतच नाही. तो मोजतो. टाच खोबणीपेक्षा थोडी अरुंद असेल, तर फटीत लाकडाची पातळ पट्टी बसविता येते. टाचेची जाडी कमी असेल, तर तळाशी पातळ पत्रीचा थर देऊन उंची साधता येते. भोके जुळत नसतील, तर कठीण लाकडाच्या खुंट्या सरस लावून त्यांत ठोकायच्या, सरस वाळू द्यायचा आणि नवी भोके पाडायची. (जुन्याच भोकांत स्क्रू तिरपा घुसविणारे लोकही असतात. तो सांधा पुढे हलतोच.) भोके पाडण्यापूर्वी बाहेरच्या दोन तारांच्या जागी दोरे ताणून पाहायचे, दांडी जराशी जरी वाकडी बसली, तरी तार कडेवरून घसरते. टाच रुंद असेल, तर मात्र तासणे आलेच. टाच तासली तर ती दांडी मूळ धडावर पुन्हा घट्ट बसणार नाही; खोबण रुंद केली तर धडाला त्याची जुनी दांडी सैल होईल. लावलेली पट्टी उद्या काढता येते, तासलेले लाकूड परत येत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रंध्याला दाद देत नाही. प्रिसिजन बेसच्या तारेची लांबी ३४ इंच धरलेली असते. ३४ ला १७.८१७ ने भागले की पहिला पडदा कोठे येतो ते कळते. उरलेल्या लांबीस पुन्हा तसेच भागले की दुसरा. असे करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर, १७ इंचांवर येतो. आखूड बेसची दांडी ३० इंचांची असेल, तर तिचा बारावा पडदा १५ इंचांवर आहे आणि तेथून ब्रिजही १५ इंचांवरच हवा. ब्रिज जुन्या जागी ठेवून ती दांडी बसविली, तर मोकळी तार सुरात लावता येते, म्हणून जोडणारा समाधान पावतो. पण बोट पडद्यावर ठेवले की सूर ढळतो, आणि वर जावे तसतसा अधिक ढळतो. ब्रिजवरचे स्क्रू फिरवून थोडासा फरक भरून निघतो, एवढा नाही. अशा वेळी धडावरचा ब्रिजच उखडून नव्या जागी न्यावा लागतो. धडात तेवढी जागा नसेल, तर ती जोडणी सोडून द्यावी लागते.

आमच्या घरांत हे मोजणे सहसा होत नाही. नवी सून आली की जुळवून घेण्याचा उपदेश तिलाच होतो; खोबण जुनी, म्हणून ती पवित्र. तिचे उठणे-बसणे, बोली, कालवणातील तिखट, हे सारे टाचेच्या रुंदीसारखे आहे. त्यात दोन्हीकडून थोडे थोडे निघावे. परंतु विधुराच्या घरी दुसरी पत्नी येते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगितले जाते की आता हीच तुझी आई, जुन्या आईचा फोटो भिंतीवर नको. सांगणारे वाईट नसतात. घर लवकर सुरात यावे, एवढीच त्यांची इच्छा असते. मूल गप्प बसते, आणि मोकळी तार बरोबर वाजते म्हणून सारे निश्चिंत होतात. येथे हलवायचा तो ब्रिज, आणि तो मोठ्यांच्या हाती असतो. फोटो राहू द्यावा, नव्या आईस मुलाने हवी ती हाक मारावी, तिच्याही जागेचा मान राखावा. आम्हांस ठाऊक आहे की यातून त्या स्त्रीवर भार पडतो, आणि तो हलका नाही.

मोठमोठ्या वाद्यांनीही अशी जोडणी सोसली आहे. अंतोनिओ स्ट्रॅडिव्हॅरी १७३७ साली क्रेमोना येथे वारले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या सभागृहांसाठी अधिक भरदार आवाज हवा झाला, आणि त्यांच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांच्या मूळ दांड्या काढून अधिक लांब व अधिक कललेल्या दांड्या बसविण्यात आल्या. मेदिची घराण्यासाठी त्यांनी १६९० साली केलेला एक व्हिओला फ्लॉरेन्समध्ये आहे. जुनी दांडी टिकून राहिलेल्या मोजक्या वाद्यांपैकी तो एक. बाकीच्यांची दांडी कापताना कारागीर बहुधा खुंट्यांची पेटी आणि तिच्यावरची वळीदार नक्षी तेवढी जपून ठेवीत, आणि नव्या दांडीच्या टोकास सांधून देत. सूर त्या नक्षीतून निघत नाही. नवी कोरणेही त्यांस अवघड नव्हते.