फुकटाचा भाव

स्वस्त आणि महाग हे शब्द आपण किती सहज वापरतो! २००९ साली मॅक संगणकाची ‘स्नो लेपर्ड’ ही नवी कार्यप्रणाली, आधीची असणाऱ्यास, २९ डॉलरला मिळू लागली. दोनच महिन्यांनी ‘विंडोज ७’ आली. तिच्या घरगुती आवृत्तीला तशाच गिऱ्हाइकाकडून १२० डॉलर घेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, की गणिताचे मास्तर अजून पहिलीलाच कौल देतात. मला तो पटत नाही. स्नो लेपर्ड इंटेलच्या प्रोसेसरवरच चाले. २००५ साली घेतलेला, पॉवरपीसीचा धडधाकट मॅक तिने उंबऱ्याबाहेरच ठेवला. त्या घराला २९ डॉलरची वस्तू नव्या यंत्राच्या किमतीला पडली! (ॲपल यंत्रेही विकते, हे ध्यानात घ्यावे.)

‘विंडोज ११’ तर विंडोज १० वाल्यांना फुकट. पण यंत्रात टीपीएम २.० नसेल, प्रोसेसर जुना असेल, तर ती पाऊल ठेवीत नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नित्याची देखभाल थांबली. मग विकणाऱ्याचे कर्तव्य संपते तरी केव्हा? आमच्या वर्गातली बाके जुनी आहेत, शाबूत आहेत. मात्र सुताराला विकलेल्या बाकासाठी दरमहा नव्या चोरांशी झुंजावे लागत नाही, हेही खरेच.

लिनक्स फुकट असते, जुन्या यंत्रावरही बहुधा चालते. तिचे दाम शिकण्याच्या तासांत मोजावे लागते. शाळेच्या संगणकावर ती बसवली, तेव्हा नववीच्या पोरांना एक दुपार पुरली. मला मे महिन्याची अर्धी सुट्टी लागली.