मौनी महाराजांच्या खोऱ्यात रेंज शोधताना

गारगोटीत 'मौनी' हे नाव कानावर पडल्याशिवाय दिवस सरत नाही. शाळा-कॉलेजं चालवणारं श्री मौनी विद्यापीठ इथलं, वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाच्या जलाशयाचं नाव मौनीसागर, आणि या दोन्ही नावांचं मूळ पाटगावच्या मठात. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज मौनी महाराजांच्या दर्शनाला आले होते, असं परंपरा सांगते. न बोलण्यासाठी ओळखल्या गेलेल्या साधूचं नाव पोरांना बोलतं करणाऱ्या संस्थेला मिळालं, हे तसं गमतीचंच. विद्यापीठाच्या उभारणीत जे. पी. नाईक होते, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. तेच पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. मौनाचं आणि कामाचं वाकडं आहे, असं या मुलखाला कधी वाटलेलं दिसत नाही.

आता याच वाटेनं वेगळे यात्रेकरू येतात. गारगोटीहून कडगावमार्गे पाटगाव, पुढे जमलं तर रांगणा किल्ला. कोल्हापूर, पुण्याच्या गाड्या असतात. डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज गेली की गाडीतलं कुणीतरी म्हणतं, ''बरं झालं, सुटलो एकदाचे!'' आणि तोच माणूस पुढच्या वळणावर हात खिडकीबाहेर काढून टॉवर आला का ते बघतो. याला डिजिटल डिटॉक्स म्हणायची पद्धत आहे. हसण्यावारी न्यावं असं मात्र त्यात काही नाही. रानात जाऊन फोन बंद ठेवणं ही साधना की नुसती सुट्टी, हा प्रश्न खरा आहे आणि फोनपेक्षा कितीतरी जुना आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. त्याचे गुरू चोवीस, आणि त्यातले बरेचसे रानातले: पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी. काही गुरू चुकून शिकवणारे. ज्योतीच्या रूपाला भुलून जळणारा पतंग, पारध्याच्या गाण्याला भुलून जाळ्यात सापडणारं हरीण, आमिषाच्या चवीपायी गळाला लागणारा मासा. एकेका इंद्रियापायी एकेक जीव जातो. हातातल्या पडद्यानं डोळा आणि कान दोन्ही एकदम धरले आहेत, एवढाच फरक.

पण या चोवीसांत एक बाण करणारा कारागीर आहे, आणि तो रानात नाही. तो भर रस्त्यालगत बसला आहे. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी बाणाच्या टोकावरची त्याची नजर हलली नाही. अवधूत त्याच्याकडून एकाग्रता शिकतो. म्हणजे चित्त ठिकाणावर यायला डोंगरच हवा असं भागवत म्हणत नाही. डोंगर उपयोगी पडतो, इतकंच. याच स्कंधावर टीका लिहिणाऱ्या एकनाथांचं आयुष्य याला साक्ष आहे. जनार्दनस्वामींच्या सांगण्यावरून त्यांनी शूलिभंजनाच्या डोंगरावर तप केलं आणि त्यांच्याच आज्ञेनं पैठणला परतून संसार मांडला. 'एकनाथी भागवत' १५७३ मध्ये काशीत पुरं झालं, ते एका गृहस्थाच्या हातून. तुकोबाही भामचंद्र आणि भंडाऱ्यावर जात आणि देहूला परत येत.

गीतेचा तिसरा अध्याय तर याबाबतीत फार कडक आहे. हातपाय आवरून बसलेला, पण मनात विषयांचंच चिंतन करणारा माणूस तिथे ढोंगी ठरतो. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी साधारण याच जागी बोट ठेवलं. फोन टेबलावर नुसता पडून असला, आवाज बंद असला, तरी लोक बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडतात. फोन दुसऱ्या खोलीत असला की त्यांची कामगिरी सुधारते, असं त्यांना आढळलं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी फोन खिशात आणि ध्यान खिशाकडे, हा अनुभव कुणाला नाही?

हातकणंगले तालुक्यातल्या आळते इथल्या धम्मालय विपश्यना केंद्रात म्हणूनच विषाची परीक्षा घेत बसत नाहीत. दहा दिवसांच्या शिबिरात फोन आधीच जमा होतो, शेवटच्या टप्प्यापर्यंत आर्य मौन पाळायचं, वाचन-लेखनही बंद. मग मन शांत होतं का? लगेच नाही. आधी ते किती बडबड करतं ते कळतं. सत्यनारायण गोयंकांनी १९७६ पासून इगतपुरीत रुजवलेल्या या पद्धतीत झाडं, डोंगर हे पाठीमागचा पडदा आहेत. काम चालतं ते श्वासावर आणि अंगावरच्या संवेदनांवर.

निसर्गाचं श्रेय नाकारायचंही कारण नाही. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना लोकांपुढे ठेवली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्यातून निदान दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक सांगतात. अर्थात मुळात धडधाकट माणसंच जास्त फिरतात, अशीही शंका राहते.

खरी अडचण वेगळीच आहे. पाटगावच्या डोंगरापलीकडे सिंधुदुर्ग. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला घरी नेटवर्क मिळेना, म्हणून भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी घालून ती ऑनलाइन तासांना बसत होती. बातम्या तेव्हा गाजल्या. एक जण रेंज घालवायला डोंगर चढतो, दुसरी रेंज मिळवायला. ज्याच्याजवळ आहे त्याचाच त्याग त्याग ठरतो. जिला मिळतच नाही तिच्या अभावाला साधना म्हणणं हा निव्वळ चावटपणा.

त्या टाळेबंदीचंच दुसरं टोक सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात दिसलं. ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मोबाइल पोरांच्या हातात आला तो सुटेना. गावानं ठरवून १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. साडेआठला दुसरा भोंगा, की सुरू. ना डोंगर, ना आश्रम. यात अध्यात्म कुठं आहे असं कुणी विचारेल, पण एकादशी तरी याहून वेगळी काय आहे? सगळ्यांनी एकाच वेळी सोडायचं आणि एकाच वेळी पारणं करायचं. एकट्याच्या निर्धाराला जे पेलत नाही, ते चारचौघांच्या रीतीत निभतं.

सह्याद्रीतल्या देवराया हेही रीतीचंच काम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हा धागा शास्त्रज्ञांसमोर नीट आला. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही उचलायची नाही. तिथे माणूस स्वतःला बरं वाटावं म्हणून जात नाही. देवाची जागा म्हणून हात आवरतो. आजच्या निसर्गसहलीत हा क्रम उलटा झाला आहे: रानानं आपल्याला काय द्यावं, एवढंच विचारलं जातं.

पाटगावकरांना रान असं फुकट आराम देत नाही. गवे पिकात उतरतात, पावसाळा झोडपून काढतो. अलीकडे हे 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. सातेरी माश्यांच्या पेटीचं झाकण अलगद उचलायचं, चौकटी एकेक करून वर घ्यायच्या, राणी कुठे आहे, मध किती भरला, अळ्या कशा आहेत ते बघायचं. धसमुसळेपणा केला की माश्या बिथरल्याच. मध यंत्रात फिरवून काढला की पोळं शाबूत राहतं, पूर्वीसारखं पिळावं लागत नाही. या वेळात खिशातला फोन वाजला तरी उचलायला हात मोकळा नसतो. अवधूताच्या गुरूंमध्ये मधमाशी आहे, मध नेणाराही आहे. साठवणाऱ्याचं दुसराच नेतो, हा तिथला धडा. पाटगावचा मधपाळ तो धडा थोडा दुरुस्त करतो: माश्यांच्या वाटणीचा मध पेटीत ठेवतो, झाकण लावतो, आणि मग गिऱ्हाइकाला परत फोन करायला रेंज असेल तिथवर चालत जातो.