परवलीचा शब्द

भिलाईच्या वैशाली नगरातील एखादा नोकरदार गृहस्थ रजेवर निघताना कचेरीतील संगणकाचा आपला पासवर्ड सहकाऱ्यास सांगून जातो. काम अडू नये, हा हेतू. न सांगणे त्यास अविश्वासाचे वाटते. कोऱ्या कागदावर सही मात्र तो स्नेह्यासही देणार नाही! वस्तुतः दोन्ही एकच. संगणक त्या शब्दावरूनच कर्ता ओळखतो. पुढील प्रत्येक नोंद ह्याच्याच नावावर चढते. गीतेने कर्तेपणाचा अहंकार सोडावयास सांगितले, हे खरे. परंतु नियत कर्म मोहाने टाकणे ह्यास अठराव्या अध्यायात तामस त्याग म्हटले आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-सी दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणाऱ्यास दंडिते. येथे कपट नाही, स्नेह आहे; म्हणूनच मोह ओळखू येत नाही. स्नेह्याची खरी काळजी असेल, तर रजेपूर्वी वरिष्ठांकडून त्यास त्याच्याच नावाने अधिकार मिळवून द्यावा.