झिजलेले अक्षर आणि अंकिताची मर्यादा



'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतो. पण तो पोथीच्या पानावरून भाषेत आला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. जुना लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देई व शुद्ध अक्षर लिही. लेप शेकडो वर्षे दिसत राही. चूक सुधारली गेली, पण ती झाली होती हे लपविले गेले नाही.

बोथ, किनवट, आदिलाबाद या आपल्या पट्ट्यात काही घरांतून हाताने लिहिलेल्या पोथ्या लाल फडक्यात बांधलेल्या आढळतात. मन्मथस्वामींचे 'परमरहस्य' छापील मिळू लागल्यापासून त्यांना सहसा कोणी हात लावीत नाही. भक्त विचारतात, महाराज, पुसट अक्षरे पेनाने गिरवू का? पानांना प्लास्टिक चढवू का? की पोथी गोदावरीत सोडू? वरवर हा व्यवहाराचा प्रश्न दिसतो. आमच्या मते तो सत्याचा प्रश्न आहे.

प्रथम एक आक्षेप पाहू. स्थावर नाशिवंत आणि जंगम तेवढे टिकणारे, हा तर आपल्या धर्माचा पाया. मग सडक्या कागदाचा मोह कशाला? हा आक्षेप ऐकायला मोठा गोड आहे, आणि आळशी माणसाला तो विशेष आवडतो! स्थावराला देव मानू नये, असे शरणांचे सांगणे. हाती आलेली ठेव कुजू द्यावी, असे त्यांनी कोठे सांगितले? शिवाय पोथी स्थावर की जंगम हे कागदावरून ठरत नाही. गंध-फुले वाहून वर्षानुवर्षे न उघडलेली पोथी स्थावरच. वाचली, उतरली, पुढच्या हाती दिली की ती जंगम होते. कल्याणच्या प्रलयानंतर वचने टिकली ती अशा उतरविण्यानेच.

विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) यांचे उदाहरण घ्या. मठांतून व घराघरांतून ताडपत्रे बासनात पडून होती. कित्येक ठिकाणी त्यांची पूजा होई, वाचन मात्र होत नसे. हळकट्टींनी ती पाने मिळविली, ताडून पाहिली आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. पुढे १९२६ पासून 'शिवानुभव' हे नियतकालिक चालविले. वकिलीच्या मिळकतीवर पाणी सोडून केलेले ते कायक होते. त्या घरांनी ताडपत्रे आधीच नदीत सोडली असती तर हळकट्टींच्या हाती काय लागले असते?

आता गिरवण्याविषयी. प्रत्येक शरणाच्या वचनाला त्याचे अंकित असते. गुहेश्वर म्हटले की अल्लमप्रभू, चेन्नमल्लिकार्जुन म्हटले की अक्कमहादेवी. अंकित म्हणजे साक्ष : हे मी बोललो, माझ्या देवाला साक्षी ठेवून बोललो. कसरीने खाल्लेल्या जागी आपल्या अंदाजाने शब्द घातला, तर तो शब्द तुमचा, पण खाली साक्ष मात्र शरणाची. हेतू कितीही भक्तीचा असो, परक्याच्या अंकिताखाली स्वतःचे बोलणे ही अनृताची वाट होय. म्हणून छिद्र असेल तेथे छिद्र दिसू द्यावे. पाठ आठवत असल्यास निराळ्या कागदावर लिहून, खाली तारीख घालून सोबत ठेवावा.

कागद सांधणारे जाणकारही हीच मर्यादा पाळतात. ते फाटक्या जागी तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला पातळ जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात. ती खळ ओलाव्याने पुन्हा सोडवता येते. जोड जवळून पाहणाऱ्यास ओळखू येतो, आणि तो ओळखू यावा हाच हेतू. उलट चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. प्लास्टिक चढविण्याची हौस तर गेल्या शतकात मोठ्या दप्तरखान्यांनीही केली, आणि पुढे ते थर सोडविताना जाणकारांची पुरेवाट झाली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या गावचा हातकागद दोन-तीनशे वर्षे तग धरतो. आपल्या उतावळेपणापुढे मात्र तो हतबल होतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमावाने पोथ्यांची नासधूस केली, तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली. घरात तेच काम वाळवी सावकाश करते, तिची बातमी होत नाही.

विसर्जनास आमचा सरसकट विरोध नाही. पानांचा भुगाच झाला असेल तर दुसरे काय करणार? पण आधी शेवटचे पान पाहा. तेथे बहुधा लेखनिकाचे नाव, गाव, शक आणि कोणासाठी लिहिले ते असते. तुमच्या पणजोबांचा दुसरा कोणताही लेख कदाचित उरलेला नसेल. मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, मग ठरवा.

पावसाळा सरल्यावर, आश्विनातील कोरड्या हवेत पोथी सावलीत उघडावी. हात कोरडे असावेत. भस्म लावलेली बोटे आधी पुसावीत. काजळाची शाई उन्हाने सहसा विटत नाही, पण पाण्याने पसरते, म्हणून ओले फडके लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, धुतलेल्या सुती फडक्यात बांधावी, जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. समई त्या फळीखाली नको. आणि बांधण्यापूर्वी घरातील एखाद्या मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. मोडके वाचले तरी चालेल.