कुलूपही माझं, किल्लीही माझी

माझ्या भाच्यानं घरच्या संगणकावर डेबियन नावाची लिनक्सची जात बसवून दिली, तेव्हा जाता जाता तो एक कुलूपही लावून गेला. सगळे प्रोग्रॅम जिथं राहतात तो ‘यूएसआर’ नावाचा कप्पा त्यानं वेगळा काढला आणि ‘रीड-ओन्ली’ करून टाकला. म्हणजे वाचा, चालवा. लिहायचं नाही, खोडायचं नाही. आपली पत्रं नि फोटो ‘होम’मध्ये, रोज बदलणाऱ्या नोंदी ‘व्हार’मध्ये, आणि ‘यूएसआर’ मात्र कायम सोवळ्यात.

“कुणालाच लिहिता येत नाही?” मी विचारलं.

“रूटलासुद्धा नाही, मामा.”

रूट म्हणजे या राज्यातला राजा. त्याला एरवी कुठलीही फाइल वर्ज्य नाही.

“मग कुलूप काढायचं कुणी?”

“रूटनं.”

“आणि आपल्याकडे रूट कोण?”

“तुम्हीच की!”

मी पडलो कॉमर्सचा माणूस. लाडवांच्या डब्याला कुलूप घालून किल्ली मधुमेह्याच्याच गळ्यात बांधावी, तशातला हा प्रकार. स्वतःवर विश्वास असेल तर कुलूप कशाला? आणि नसेल तर किल्ली कशाला? दोन दिवस मी त्याच्याशी फोनवर वाद घातला.

तिसऱ्या दिवशी रूट होऊन एक निरुपयोगी फोल्डर खोडायला गेलो आणि पत्त्यात एक स्पेस जास्त पडली. यंत्रानं कळवलं, फाइल सिस्टीम रीड-ओन्ली आहे. मग पाहतो तो काय, मी अख्खा ‘यूएसआर’च खोडायला निघालो होतो! हा पराक्रम करणारा मी पहिला नव्हे. 2011 साली ‘बंबलबी’ नावाच्या लिनक्सवरच्या एका प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये अशीच एक स्पेस चुकून पडली होती, आणि ज्यांनी ती चालवली त्यांचा ‘यूएसआर’ साफ झाला. पण त्यातली गोम अशी, की नवीन काही बसवायचं तर कुलूप आधी आपणच काढावं लागतं. रोजच्या वेंधळेपणापासून ते वाचवील; अपग्रेडच्या मुहूर्तावर दार सताड उघडं.

दार उघडं असतानाचं माणसाचं काय होतं, ते मला थोडं ठाऊक आहे. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियर म्हणून माझ्याकडे. दोघं उभे राहिल्याशिवाय दार उघडत नाही. एके दुपारी साहेबांच्या मुलीला शाळेत ताप भरला. “तासाभरात आलोच,” म्हणत त्यांनी त्यांची किल्ली माझ्या हातावर ठेवली. नियमानं ती रीतसर लिहून दुसऱ्या अधिकाऱ्याला द्यायला हवी होती. मी तर ती हातातसुद्धा घ्यायला नको होती. घेतली. तासभर दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात एकमेकींवर वाजत होत्या. मी स्ट्राँगरूमच्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. पण ‘पाहायचं नाही’ हे मला त्या तासात तीन-चारदा ठरवावं लागलं. त्याआधी कैक वर्षं ते एकदाही ठरवावं लागलं नव्हतं. माझ्या प्रामाणिकपणातला माझा वाटा किती आणि साहेबांच्या किल्लीचा किती, हा हिशेब मला अजून जुळलेला नाही. साहेब परतले तेव्हा मी सवयीनं म्हणालो, “मोजून घ्या.” किल्ली एकच होती.

तेव्हापासून भाच्याशी वाद बंद. ॲपलनं 2019च्या कॅटॅलिनापासून सिस्टीमचा भाग असाच रीड-ओन्ली केला. चालू मशीनवर रूटनं हात जोडले तरी तिथं लिहिता येत नाही. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनांत सिस्टीमच्या दोन प्रती असतात. एक चालू असताना अपग्रेड दुसरीवर होतो. आमचं घरगुती कुलूप त्यामानानं गरीब. हात आणि कृती यांच्यामध्ये एक जास्तीची आज्ञा, एवढीच त्याची ताकद. पण कुलूप काढताना निदान आपण काढतोय हे कळतं.

काल रात्री अपग्रेड केला. आधी कप्पा उघडायचा, काम झालं की बंद करायचा, अशी सूचना भाच्यानं यंत्रालाच देऊन ठेवली आहे. उघडला बिनतक्रार. बंद होईना! ‘बिझी’ म्हणे. फोन केला तेव्हा उलगडा झाला. जुन्या फाइलींची नावं खोडली गेली होती, पण चालू असलेले काही प्रोग्रॅम त्यांना अजून धरून बसले होते. शेवटचा धरणारा सोडत नाही तोवर खोडलेली फाइल खऱ्या अर्थानं जात नाही, आणि ती जाईपर्यंत कप्प्याला कुलूप लागत नाही. (आमच्या चाळीतले पागडीचे भाडेकरू आठवले.) मग यादी काढून एकेकाला बंद करत बसलो. साडेबाराला कुलूप लागलं.

आतून आवाज आला, “अहो, दाराला कडी लावलीत का?”

“लावली, लावली!” मी समाधानानं म्हणालो आणि झोपलो.

सकाळी दूधवाल्यानं पिशवी थेट स्वयंपाकघरात आणून ठेवली होती.