‘मला ठाऊक नाही’ म्हणणे हा गुन्हा आहे काय?



मुलाखतीला गेलेला आपला मुलगा संध्याकाळी मान खाली घालून घरी येतो, तेव्हा आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो? “काय चुकलं तुझं?” हाच ना? आज या प्रश्नाचाच थोडा विचार करू.

माझा भाचा नेटवर्क इंजिनिअर आहे. तीन वर्षे त्याने एका संस्थेच्या शाखाशाखांतील संगणकांचे जाळे सांभाळले. परवा तो एका कंपनीत मुलाखतीस गेला. दोन तास ताटकळत ठेवून त्याला आत बोलावले. २६ बिटांच्या सबनेटमध्ये किती यंत्रांना पत्ते देता येतात? तो म्हणाला, ६२. सिस्कोच्या राऊटरवर ओएसपीएफचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स किती? ११०. आणि बाहेरून आलेल्या ईआयजीआरपी मार्गाचा? येथे तो अडला. म्हणाला, “आत्ता आठवत नाही. राऊटरवर पाहून सांगेन.” साहेब हसले, “एवढंही येत नाही?” आणि फाईल मिटली. वास्तविक हा आकडा राऊटर स्वतःच पडद्यावर दाखवतो! जाळे बंद पडले तर दोष कसा शोधतोस, आधी केबल पाहतोस की गेटवे की डीएनएस, हे कोणी विचारलेच नाही.

मित्र म्हणाला, “ठोकून द्यायचा एखादा आकडा!” आता सांगा, चूक कोणाची?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. चुकीची आज्ञा अडवणाऱ्या व्यवस्थेतही दोष होता. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. तेथे काही अनाडी माणसे बसली नव्हती. जाणकारांच्या हातूनही असे घडते, तर मग अंदाजाने आकडे ठोकणाऱ्याच्या हाती जाळे सोपवावे काय? आपल्याला काय ठाऊक नाही हे ओळखणे, हाही ज्ञानाचाच भाग आहे. आणि ते चारचौघांत कबूल करणे हे शील आहे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार साहेबांना होता. उमेदवाराला नाकारण्याचाही होता. हसण्याचा अधिकार मात्र कोणत्याही खुर्चीला नसतो.

पण दुसरी बाजूही पाहा. ‘ठाऊक नाही’ म्हणून जो तेथेच थांबतो, त्याचा प्रामाणिकपणा ही केवळ सबब होते. भाच्याने त्याच रात्री पुस्तक उघडले. १७० हा आकडा आता तो विसरणार नाही.

म्हणून मुलगा घरी येईल तेव्हा “काय चुकलं?” असे विचारू नका. “खरं बोललास ना? आता काय शिकणार?” एवढेच विचारा. उद्या तोच त्या मेजापलीकडच्या खुर्चीत बसेल. तेव्हा समोर अडखळणाऱ्या मुलाशी त्याने कसे वागावे, हे त्याला आजच तुमच्या घरात कळणार आहे.